भाऊ, दोष नळीचाच होता

भाऊ, छागळ गळत नाही.

वहिनी रोज सकाळी तुझी ती पाण्याची कापडी पिशवी तोंडापर्यंत भरते, पडवीतल्या खुंटीला टांगते आणि खाली परात ठेवते. दिवस कलताना परातीत पाच-सात थेंब असतात, कापडाला घाम येतो तेवढेच. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती परात दाखवते आणि विचारते, "मी तोंडलोंग भरी दिधी व्हती. मंग जीव तहानेला कसा गया?" बायका डोळे पुसतात. कोणी म्हणतं, वाटेत कोणाला पाजलं असेल, मोठ्या मनाचा होता. मोठ्या मनाचा! मी आत पीठ मळत असते. हात थांबतो आणि पुन्हा चालू लागतो.

ते पाणी कुठे गेलं हे मला माहीत आहे. या घरात मला एकटीलाच माहीत आहे. पण ते सांगायचं तर तू निघालास त्या सकाळी तू मला काय विचारलंस आणि मी काय उत्तर दिलं, तेही सांगावं लागेल. आणि ते ऐकल्यावर वहिनी मला या घरात ठेवील की नाही, हे मला सांगता येत नाही. तू नसताना मला दुसरं घर नाही. हे तू असतानाच ऐकवायचास, म्हणून माझं पाठ आहे.

तुझ्याबद्दल आता सगळे चांगलंच बोलतात. जिनिंगचा मुकादम परवा म्हणाला, असा फिटर पुन्हा होणे नाही, दारात उभा राहून इंजिनाचा आजार सांगायचा. खरं आहे. दोंडाईच्यापासून चाळीसगावपर्यंत कुठे जिन अडली, गिरणी थांबली की तुला बोलावणं यायचं, आणि तू त्या जुन्या फटफटीवर टांग टाकून जायचास. पण तुझ्या स्वतःच्या दारात तुझी स्वतःची गाडी शिंकत होती आणि तुला तिचा आजार सांगता आला नाही. की सांगायचा नव्हता? हेच आपलं भांडण आहे, भाऊ. तू मेलास म्हणून ते मिटलं असं समजू नकोस.

मी पहिल्यांदा त्या गाडीवर बसले तो दिवस तुला आठवत असेल. दोंडाईच्याकडच्या त्या गावात माझी सासू अंगणात उभी राहून म्हणाली, "तुमनी पोर बोलस नही. आमले घरमा भूत नको." मी दाराआड होते. माझं गाठोडं आधीच ओट्यावर ठेवलेलं होतं. मला वाटलं, तू हात जोडशील, समजूत घालशील. तू इंजिन बंदसुद्धा केलं नाहीस. तशा फटफटाटातच ओरडलास, "ती बोलस नही ते बरंच शे. तुमना घरमा बोलनारा कमी शेतस का?" आणि मला म्हणालास, "बठ मांगे."

एवढ्यासाठी मी तुला जन्मभर मानलं. दुसऱ्या कोणाच्या भावाने बहिणीला असं आणलं नसतं. गाव बघत होतं आणि मी तुझ्या पाठीला धरून बसले होते. धूळ तोंडात जात होती आणि मला हसू येत होतं. आयुष्यात तेवढा एकच प्रवास मी हसत केला.

मग गाडी वाटेत तीनदा बंद पडली. तू उतरलास, शिव्या घातल्यास, कार्बोरेटर खोलायला बसलास. "पदर पसर," म्हणालास. "जे पहिले निंघनं ते पहिले ठेव. शेवटलं शेवटे." एकेक पितळी तुकडा तू माझ्या पदरात टाकत गेलास. पेट्रोलवर तरंगणारी गोल डबी, तिची सुई, आणि तो बारीक भोकाचा जेट, ज्यातून सगळं पेट्रोल थेंबाथेंबाने वर येतं. मी ते ओळीने मांडले, हलले नाही. तू जेट उजेडाकडे धरलास, भोकात कचरा दिसला, आणि मला न विचारता माझ्या डोक्यातला एक केस उपटलास. तार घातली तर भोक मोठं होतं, केसाने ते साफ होतं. केस आत ओवताना तू म्हणालास, "मुके, तुना डोकामाईन कामनं इतलंच निंघस."

त्या दिवसापासून माझं नाव मुकी पडलं. पुढची आठ वर्षं तू त्या नावाने मला हाक मारलीस आणि आठ वर्षं मी सुट्या भागांची परात धरून तुझ्यासमोर बसले. माझे केस कमी झाले, भाऊ. वहिनी म्हणायची, बाईचे केस कशाने गळतात कोण जाणे.

पण मी नुसती परात धरत नव्हते. बोलत नाही त्याला ऐकू जास्त येतं. ती तरंगणारी डबी, फ्लोट, कानाशी हलवली आणि आत पेट्रोल डुचमळलं, तर तिला भोक आहे, हे तू सांगायच्या आधी मला कळायचं. गाडी काळा धूर टाकते तेव्हा तिला पेट्रोल जास्त होतं, आणि कार्बोरेटरच्या तोंडातून शिंकते तेव्हा हवा जास्त होते, हेही कळायला लागलं. तू किक मारायचास आणि मला मनात वाटायचं, आता शिंकेल. ती शिंकायची.

लढाई सुरू झाली, सुटे भाग यायचे बंद झाले, आणि नेमकी तेव्हा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधली पितळी नळी तडकली. तू लॉरीच्या पाण्याच्या रबरी नळीचा तुकडा आणलास, दोन्ही तोंडांवर चढवलास, वर तार आवळलीस. मुकादमाने पाठ थोपटली. आठ दिवस गाडी छान चालली. मग ती तापली की बंद पडायला लागली.

तू म्हणालास, "बठ्ठा दोष पेट्रोलना शे." कूपनावर मिळणारं पेट्रोल, त्यात रॉकेल मिसळतात, पाणी मिसळतात, म्हणून जेट चोंदतो. तू प्रत्येक वेळी थांबायचास, जेट काढायचास, केस ओवायचास, परत बसवायचास, आणि गाडी चालू व्हायची. तू माझ्याकडे बघायचास. "दखं?"

भाऊ, एकदा तू जेट माझ्या हातात दिलास आणि मुकादमाशी बोलत विडी ओढत बसलास. मी तो साफ केला नाही. जसा होता तसा पाव घटका मुठीत धरला आणि तसाच परत दिला. तू बसवलास, किक मारलीस, गाडी चालू झाली. तू म्हणालास, "दखं? जेट साफ करना की हाई गाडी घोडी शे." मी मान डोलावली. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते. जेटमध्ये काहीच नव्हतं. तू जेट खोलून विडी ओढत बसायचास तेवढ्यात नळी निवून पुन्हा आवळायची, म्हणून गाडी चालू व्हायची.

रबराला पेट्रोल खातं. तुझ्या परातीतच मला ते कळलं. सामान धुवायच्या पेट्रोलमध्ये रबराची एक चकती पडली होती. दुसऱ्या दिवशी ती भिजवलेल्या हरभऱ्यासारखी फुगली होती. मी ती मुद्दाम जेटच्या शेजारी ओळीत ठेवली, म्हणजे तुझ्या नजरेला पडेल. तू ती बोटाने उडवून दिलीस. मी बळ करून म्हटलं, "भाऊ, घरात पितळी फुंकणी आहे, तिचा तुकडा बसेल का?" तर तू वहिनीला हाक मारून म्हणालास, "ऐकं का? मुकी मनी गाडीले चूल समजस!"

मग खंडेनवमी आली.

तू पाने, हातोडे, पेचकस सगळे पाटावर ओळीने मांडलेस, हळदकुंकू लावलंस. फटफटीला झेंडूची माळ घातली. मुकादम आला होता, शेजारचे दोघे होते, काकू होती. तू म्हणालास, निजलेल्या गाडीची पूजा काय करायची, आणि किक मारलीस. वहिनीच्या हातात ताट होतं, माझ्या हातात उदबत्ती. मी ती ओवाळत ओवाळत इंजिनापाशी नेली आणि धूर वाकला. सरळ वर जायचा सोडून आडवा झाला, दोऱ्यासारखा बारीक झाला आणि नळीवरच्या तारेपाशी आत गेला.

आत ओढणारी भेग होती ती. पेट्रोल नव्हे, पाणी नव्हे. तिथून गाडी हवा पीत होती. मला इतका आनंद झाला की चार पुरुष उभे आहेत हे मी विसरले. तुझी बाही धरली आणि मोठ्याने म्हणाले, "भाऊ, धूर मझार जाई ऱ्हायना!"

सगळ्यांनी वाकून आत जाणारा धूर पाहिला. मुकादम म्हणाला, "हाई काय रे?"

तू पाहिलंस. मी तुझा चेहरा पाहिला, भाऊ. फिटरला धूर कशाने आत ओढला जातो हे कळत नाही, असं मला सांगू नकोस. तुला त्या घटकेला सगळं कळलं. आणि त्याच घटकेला हेही कळलं की जे तुला वर्षभर कळलं नाही ते मुकीला कळलंय, आणि मुकादम तुझ्या उत्तराची वाट पाहतोय. तू हात जोडलेस. म्हणालास, "देवनी धूप लिधा!"

मुकादमाने वहाणा काढल्या. वहिनीच्या डोळ्यात पाणी आलं. काकूने गाडीला नमस्कार करून बोटं कपाळाला लावली. आणि मी उदबत्ती धरून उभी राहिले, देवाला धूर पाजत.

पुढचं तर तुझ्याही हातात राहिलं नाही. मंगळवारी बायका यायला लागल्या. नारळ यायला लागले. एकीने तान्हं मूल नळीसमोर धरलं, दृष्ट निघावी म्हणून. तू किक मारायचास, धूर आत जायचा, बायका "माय व माय" करायच्या. आता ती नळी बदलायची कशी? बदलली तर देव उठून जाईल. म्हणून तू गाडी ढकलत घरी यायला लागलास, आणि देव तसाच ठेवलास.

माघात मी ती नळी बांधली. तू जेवून पडला होतास. पातळाची पट्टी बाभळीच्या डिंकात भिजवून सहा वेढे दिले. डिंक पाण्यात विरघळतो, पण पेट्रोलला दाद देत नाही, हेही परातीतच कळलेलं. वरून तेलाचं काळं फासलं, तुला दिसू नये म्हणून. त्या आठवड्यात तू चाळीसगावला जाऊन आलास आणि गाडी एकदाही थांबली नाही. घरी येऊन म्हणालास, या खेपेला पेट्रोल बरं मिळालं.

मंगळवारी धूर सरळ वर गेला.

काकू म्हणाली, घरात कोणाचा तरी विटाळ झाला. तू खाली बसलास, बोटाने चाचपलंस, पट्टी सापडली. ती तू सगळ्यांसमोर फाडून काढलीस. आणि मग जे बोललास ते मी तुझ्याच शब्दांत लिहून ठेवते, म्हणजे मागून कोणी तुला फार चांगला करणार नाही. "सासरना लोकेसनी तुले उगाच नही धाडी दिधं. तू जठे हात लावशी, तठून देव उठी जाई. परत तोंड उघडं तं त्याच गावले सोडी येसू."

ज्या गाडीवरून आणलंस तिच्यावरूनच सोडून येणार होतास. आठ वर्षांत तू मला चारदा मारलंस, त्याचं मला काही नाही. पण त्या अंगणात तू माझ्यासाठी बोलला होतास ना, तेवढंच माझ्याजवळ होतं. ते तू काढून घेतलंस.

म्हणून मी तोंड उघडलं नाही. तीन महिने. मुकी म्हणत होतास, मग मुकी झाले. तुझ्यासमोर परात धरायचे आणि मनात म्हणायचे, पड बंद. पारोळ्याच्या बाजारात पड. लोकांसमोर ढकलत ने. खोटं कशाला लिहू, मला ते बघायचं होतं. पुरुषाला लाज वाटताना कसा दिसतो ते मला बघायचं होतं.

त्या सकाळी एरंडोलच्या तेलगिरणीचं बोलावणं होतं. वैशाख होता, सकाळीच भिंत तापली होती. वहिनी आत छागळ भरत होती. मी गाडी पुसताना नळीला हात लागला तर पिकल्या केळ्यासारखी लागली. तार आत रुतली होती. तू मागे उभा होतास. मी काय चाचपतेय ते तू पाहिलंस. किक मारलीस, थोडा वेळ ऐकलंस, आणि मग हळू आवाजात, आत ऐकू जाऊ नये असं म्हणालास, "मुके, आवाज कसा वाटस?"

आठ वर्षांत पहिल्यांदा विचारलंस.

मी तुझ्याकडे बघितलं आणि काहीच कळत नसल्यासारखं म्हणाले, "माले काय समजस?"

तू हसलास. फार नाही, एका बाजूने. "बरं," म्हणालास. वहिनीने छागळ आणून हँडलला अडकवली. तू गेलास.

तुला बैलगाडीत घालून आणलं. मागच्या गाडीत फटफटी होती. आणणारे म्हणाले, पारोळ्याच्या पुढे निंबाखाली सापडला, ऊन लागलं. अंगावरचं उपरणं अर्धं फाटलेलं होतं, म्हणाले तडफडून फाडलं असेल. पाने-पेचकसाची पिशवी तर उघडलीच नव्हती, म्हणाले हातात तेवढं बळच राहिलं नसेल.

सगळे तुझ्याभोवती होते. मी फटफटीपाशी गेले. मला दुसरीकडे बघवत नव्हतं म्हणून गेले. उपरण्याचा उरलेला अर्धा नळीवर होता, भाऊ. सहा वेढे. मी दिले होते तसेच, डावीकडून उजवीकडे. कापड वाळून कडक झालं होतं आणि त्यावर मातीचे थर होते, एकावर एक, पहिला वाळला की पुन्हा ओलं केल्याचे. ओलं कापड भेगही बुजवतं आणि नळीही निववतं. थोडं जायचं, थांबायचं, पाणी ओतायचं, पुन्हा थोडं जायचं. वैशाखात कापड ओलं किती टिकतं? तू पिशवी उघडली नाहीस, कारण तुला जेटशी काही करायचंच नव्हतं. तू सरळ नळीला हात घातलास.

ते फडकं मी सोडून ठेवलं. माझ्या पेटीत आहे.

दहावा झाल्यावर मी फुंकणी घेऊन तांबट आळीत गेले. एकटी गेले. तांबटाला म्हणाले, "ही एवढी कापून द्या." तो म्हणाला, "फुंकणी कापी टाकशी तं चूल काय पंखानी फुंकशी?" मी म्हणाले, "तोंड आहे मला." माझ्याच कानाला ते नवीन वाटलं. तुकडा आणला, दोन्ही तोंडांना सूत आणि डिंक लावला, बसवला. अगदी नेमका बसला. दोन वर्षांपूर्वीही बसला असता.

इथवर काल रात्री लिहिलं होतं. आज सकाळी, तेराव्याची भांडी घासून झाल्यावर, वहिनी उदबत्ती घेऊन पडवीत आली. म्हणाली, "बाई, तुमले गाडी चालू करता येस. एकडाव करा. धूर मझार गया म्हणजे समजसू, ते शेतस." मी नको म्हणाले. तिने माझे पाय धरायला हात पुढे केले. मी किक मारली. गाडी पहिल्याच किकेला लागली आणि अशी एकसारखी चालली, भाऊ, की तू असतास तर खाली बसला असतास. न शिंकता, न धापा टाकता. वहिनीने उदबत्ती नळीपाशी धरली. धूर सरळ वर गेला. तिने इकडे धरली, तिकडे धरली. धूर वरच गेला.

ती म्हणाली, "जाई नही ऱ्हायना. देवबी गया का बाई त्यासना संगे?"

मी इंजिन बंद केलं आणि सांगितलं. देव नव्हता, भेग होती. मी नळी बदलली. पाणी नळीवर गेलं. आणि त्या सकाळी भाऊने विचारलं तेव्हा मला माहीत असून मी असं असं म्हणाले. पेटीतलं फडकं आणून तिच्या हातात दिलं. मी घाबरले नव्हते. माझं गाठोडं मी काल रात्रीच बांधून ठेवलं होतं.

तिने ते फडकं नाकाशी नेलं. मग उठली, चुलीत टाकलं, जळेपर्यंत उभी राहिली. आणि मागे वळून मला म्हणाली, "मुके, हाई कोनले सांगू नको."

आठ वर्षं मला बाई म्हणणारी वहिनी.

"लोके म्हणतस, देववाला माणूस व्हता. म्हणू दे. तुले आठे ऱ्हानं शे ना?"

मला याच घरात राहायचं होतं. मी मान डोलावली. तशीच, जशी जेटच्या वेळी तुझ्यासमोर डोलावली होती.

दुपारी मावशी आली. वहिनीने तिच्यापुढे परात आणून ठेवली आणि त्याच आवाजात, तशाच हुंदक्याने म्हणाली, मी तोंडलोंग भरी दिधी व्हती, मंग जीव तहानेला कसा गया? मी आत चहा ठेवत होते. फुंकणी नव्हती म्हणून वाकून तोंडानेच चूल फुंकत होते, आणि सगळा धूर माझ्या तोंडात येत होता.

ते पाणी तू प्यायचं होतंस, भाऊ. नळीचं काही कळलं नाही, असं म्हणत जेट खोलून निंबाखाली बसायचं होतंस. संध्याकाळी घरी येऊन मला मुकीच म्हणायचं होतंस.